आईबाबांना विस्मरण झालंय, आता घर शोधायचंय: छोटं काळजी-केंद्र निवडताना काय बघायचं

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. समोरचं माणूस आधी इकडचं-तिकडचं बोलतं आणि मग आवाज खाली जातो, "तुमच्या आईला जिथे ठेवलंय, तिथला नंबर मिळेल का?" नंबर मी देतेच. पण नुसत्या नंबराने फारसं होत नाही, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे. आईसाठी पहिलं घर निवडलं तेव्हा मी फरशी, पडदे, बाग आणि बाथरूम बघितली होती. ते घर आम्हाला दोन महिन्यांत सोडावं लागलं. दुसरं घर निवडताना मात्र वेगळ्याच गोष्टी बघितल्या. त्या कोणत्या, हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात राहते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आता ती शहराच्या कडेला एका बंगल्यात आणखी नऊ जणांबरोबर राहते. अशा घरांना कुणी केअर होम म्हणतं, कुणी काळजी-केंद्र. इथे मी त्यांना सरळ 'घर' म्हणणार आहे.

आधी तपासण्या, मग चौकशा

आपल्याकडे पूर्वी 'म्हातारचळ' म्हणून सोडून द्यायचे. अजूनही 'साठी बुद्धी नाठी' म्हणत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आणि उलटही होतं. कुणी डॉक्टर न गाठताच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, म्हणून मोकळे होतात. दोन्हीत नुकसान आहे, कारण विस्मरणाची काही कारणं उपचाराने सुधारतात. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ही आवर्जून बघा), थायरॉइड, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीच्या आत हळूहळू साकळलेलं रक्त, मेंदूत साठणारं पाणी, ही त्यातली काही. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ रक्ततपासणी आणि मेंदूचं स्कॅन सांगतात ते यासाठी. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. पण लहान-लहान झटक्यांमुळे येणारा प्रकार वेगळा असतो आणि पार्किन्सनच्या जवळचाही एक प्रकार असतो, ज्यात माणसाला नसलेली माणसं दिसतात. पुढे घर निवडताना निदानाचा कागद हातात असला की बोलणं नेमकं होतं.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काल बरं असलेलं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं, ग्लानीत गेलं किंवा अंगावर धावून यायला लागलं, तर ते बहुधा लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम किंवा एखादं नवं औषध यांमुळे असतं. अशा दिवशी डॉक्टर गाठायचा असतो, घर शोधायचं नसतं. आम्ही त्या गोंधळात तीन दिवस घालवले आणि शेवटी निघाला तो लघवीचा संसर्ग.

वेळ आली आहे हे कसं कळतं

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. म्हणजे साठीपुढच्या शंभरांत सातांहून थोडे जास्त. त्यातले बहुतेक घरीच असतात, आणि घरी नीट चालत असेल तर घरासारखं दुसरं काही नाही. गोव्यात २००८ च्या सुमाराला ८१ कुटुंबांबरोबर केलेल्या एका अभ्यासात स्थानिक, साध्या शिकलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं गेलं, आणि सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झालेला दिसला. तेव्हा आधी घरी मदत आणता येते का ते बघा. नर्सिंग ब्युरोतून दिवसाची बाई, गावात असेल तर डे-केअर, खिडक्यांना जाळ्या, गॅसला बंद करायची चावी.

पण रात्र हा खरा निकष आहे. रात्री तीन वेळा उठून दाराची कडी काढणारं माणूस आणि त्याच्यामागे तीन वेळा उठणारी सत्तरीची बायको, हे वर्षभर चालत नाही. सांभाळणारं माणूस आजारी पडायला लागलं, घरातल्या घरात पडण्याचे प्रसंग वाढले, ब्युरोच्या बाया आठवड्याला बदलायला लागल्या किंवा पेशंट एकदा तरी रस्त्यावर हरवून आलं, की शोध सुरू करावा. सुरू करावा म्हणते आहे, लगेच हलवावं असं नाही. मनात आल्यापासून चांगलं घर मिळेपर्यंत मध्ये दोन-चार महिने हातात हवेत. ज्यांनी दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाल्या दिवशी घर शोधलं, त्यांना जिथे खाट रिकामी होती तिथे जावं लागलं.

भावंडांना एकत्र बसवा आणि खर्च कोण किती उचलणार, दवाखान्यात कोण धावणार, आठवड्याला कोण जाणार हे कागदावर लिहा. जो लांबून "आईला घराबाहेर कशाला काढता?" म्हणतो, त्याला आधी पंधरा दिवस आईपाशी राहू द्या. आणि लोक काय म्हणतील याचा विचार करून झोप उडत असेल, तर एवढं ध्यानात घ्या: ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात शिक्षा आहे ती त्यांना टाकून देण्याला. काळजी घेणाऱ्या जागी ठेवून येत-जात राहणं म्हणजे टाकणं नव्हे.

छोटंच का

चौकशी सुरू केली की पहिल्यांदा वृद्धाश्रमांची नावं हातात पडतात. त्यातले बरेच स्वतःचं स्वतः करणारी, चालती-फिरती माणसंच घेतात. विस्मरण म्हटलं की नाही म्हणतात, किंवा घेतात आणि सहा महिन्यांत "आता न्या" असा फोन येतो. दुसऱ्या टोकाला मोठी संकुलं, जिथे डॉक्टर, फिजिओ सगळं एका छताखाली. शरीराचं दुखणं मोठं असेल, नळीने खाणं चालू असेल, तर तिथे जाण्यात अर्थ आहे. चालत्या, बोलत्या पण हरवलेल्या माणसाला मात्र लांब कॉरिडॉर, एकसारखी दारं आणि रोज बदलणारे चेहरे म्हणजे चकवाच.

आठ-दहा जणांच्या घरात स्वयंपाकघर दिसतं, फोडणीचा वास येतो, जेवायची वेळ झाली हे सांगावं लागत नाही. सांभाळणाऱ्या चार-पाच मावशींना प्रत्येकाची खोड पाठ असते. जपानमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी 'ग्रुप होम' असतात. तिथे एका गटात पाच ते नऊच माणसं ठेवायची असा नियम आहे आणि ती जमेल तशी घरकामातही हात लावतात. तिथे हा आकडा सरकारने ठरवून दिला आहे, आपल्याकडे तो आपणच विचारून घ्यायचा.

छोट्या घराची कमजोरीही सांगते. सगळं मालकावर किंवा मालकिणीवर उभं असतं. ती व्यक्ती गावाला गेली, आजारी पडली की घर कोण चालवतं, हे पहिल्याच भेटीत विचारा. मग त्या दुसऱ्या माणसालाही भेटा.

कागद मागा, संकोच करू नका

घर कोणत्या नावाने, कोणाकडे नोंदलेलं आहे हे विचारा. कुणी ट्रस्ट दाखवतं, कुणी नुसता दुकानाचा परवाना. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान गंभीरपणे बिघडणंही येतं, आणि अशी माणसं राहतात त्या आस्थापनांनी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. तुमच्या निवडीच्या घराची त्याबाबत काय स्थिती आहे, हे सरळ विचारा. उत्तर काय येतं याइतकंच ते कसं येतं हेही बघा. जो फाइल उघडून समोर ठेवतो आणि जो "आजवर कुणी विचारलं नाही हो" म्हणून हसतो, त्यांच्यातला फरक पुढे फार महागात पडतो. अग्निशमनाची तपासणी, रात्री बाहेर पडायचा दुसरा मार्ग, आणि दारांना कुलूप असेल तर किल्ली कोणाच्या कमरेला, एवढं तरी बघून घ्या. कुलूप असणं चूक नाही, पण आग लागल्यावर किल्ली शोधायला लागणं परवडणार नाही.

दिवेलागणीला जा

या लेखातलं एकच वाक्य घ्यायचं असेल तर हे घ्या: घर बघायला संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या मध्ये जा.

सकाळी अकराला कुठलंही घर छान दिसतं. आंघोळी झालेल्या असतात, पावडर लावलेली असते, मालकीण स्वतः हजर असते. तिन्हीसांजेला मात्र विस्मरण झालेल्या माणसांची घालमेल सुरू होते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा आलेला असतो. "मला घरी जायचंय", "मुलं शाळेतून यायची झाली", "दुकान बंद करायचंय". नेमकी हीच वेळ दिवसपाळीच्या मावशी जाऊन रात्रपाळीच्या येण्याची. घराचा कस इथे लागतो.

आईच्या पहिल्या घरी मी एकदा न सांगता सव्वासहाला गेले. टीव्ही मोठ्याने चालू होता, ट्यूब एकच लावलेली, दोन आजोबा ग्रिलला धरून उभे. आई प्लास्टिकच्या खुर्चीत होती आणि पोटाशी ओढणीने खुर्चीला बांधलेली होती. गाठ मागे होती, म्हणजे तिला सुटणार नाही अशी. "पडतात हो त्या उठून," असं उत्तर मिळालं. मी ती गाठ सोडवायला खाली वाकले तेव्हा आई माझ्या डोक्यावर हात फिरवत होती. त्या संध्याकाळीच मी दुसरं घर शोधायला लागले.

दुसऱ्या घरी मी मुद्दाम त्याच वेळेला गेले. फाटकापाशी एक आजोबा हातात पिशवी घेऊन उभे होते, त्यांना साताऱ्याची एसटी पकडायची होती. मावशी धावत आली नाही, ओरडलीही नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "काका, गाडीला अजून वेळ आहे. तोवर चहा घेऊ या का?" मग पिशवी त्यांच्याच हातात राहू देऊन दोघं अंगणाला एक फेरी मारून आत गेली. व्हरांड्यातले सगळे दिवे साडेपाचलाच लागलेले होते. आत एका टेबलापाशी तिघीजणी शेंगा सोलत बसल्या होत्या. निम्मे दाणे खाली सांडत होते आणि कुणीही त्यांना टोकत नव्हतं. मी तिथे खोल्याही पुरत्या बघितल्या नाहीत.

अशी भेट कमीत कमी दोनदा करा, त्यातली एक न कळवता. नाकाला काय वास येतो ते आधी नोंदवा. लघवीचा जुना, भिनलेला वास असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. फिनेलचा अतिरेक असेल तर काहीतरी झाकायचं आहे. माणसांची नखं, दाढी, चष्म्याच्या काचा बघा. अंथरुणावर असलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात का आणि त्याची नोंद आहे का, हे वही मागून बघा. सहाच्या सुमाराला सगळेच झोपलेले असतील तर चांगलं वाटून घेऊ नका, औषध देऊन झोपवलेलं असू शकतं.

जेवण त्यांच्याबरोबर बसून खा. मऊ भात, वरण, खिचडी, पेज ठीकच आहे. बघायचं ते भरवणारीकडे. ती उभ्याने एकामागून एक तिघांच्या तोंडात घास कोंबते आहे, की समोर बसून आधीचा घास गिळला जाईपर्यंत थांबते आहे? गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाचा घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पुढच्या टप्प्यावर जीवावर बेतणारं हे एक मुख्य कारण आहे. पाणी पिताना ठसका लागणाऱ्याला पातळ पाणी न देता थोडं घट्ट करून देतात, हे मावशीला ठाऊक आहे का, ते तिलाच विचारा.

मावशींशी बोला

मालकांशी तासभर बोलून जे कळत नाही ते मावशींशी दहा मिनिटांत कळतं. बऱ्याचजणी मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या, बारा-बारा तासांच्या ड्यूटीच्या. "किती वर्षं झाली इथे?" या एका प्रश्नावर घर ओळखता येतं. दोन-तीन तरी जुन्या असाव्यात. पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का, हे जमलं तर हळूच विचारा. जिला नीट वागवलं जातं तीच शांत राहू शकते. माझा स्वतःचा हिशेब असा: दिवसा चार-पाच माणसांमागे एक मावशी, आणि रात्री किमान एक जण जागी. 'जागी' या शब्दावर अडून बसा. रात्रपाळीची बाई खोलीत झोपते की खुर्चीत बसते, यात फरक आहे.

भाषेचंही बघा. विस्मरण वाढतं तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची उरते. चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्या मालवणच्या आजींना शेवटी मालवणीच कळते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव फार टोचून येतो, तिथल्या घरात आजोबा इंग्रजी विसरून जातात. दिवसभरात त्यांच्या भाषेत बोलणारं एक तरी माणूस त्या घरात हवं.

आता पुढचे प्रश्न मालकांना, आणि उत्तरं लिहून घ्या. माणूस मारायला आलं, ओरडायला लागलं तर काय करता? "बांधतो" किंवा "इंजेक्शन देतो" हे उत्तर पहिल्या दमात आलं तर उठून या. तीव्र मनोविकारांवरची औषधं स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. कधीकधी ती लागतात, हे मान्य. पण ती डॉक्टरांनी लिहून, थोड्या दिवसांसाठी, तुम्हाला सांगून द्यायची असतात. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री दोन वाजता धाप लागली तर कोणत्या दवाखान्यात नेता, रुग्णवाहिका कोण बोलावतं, बरोबर कोण जातं? आणि आजार वाढून माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवता की परत पाठवता? शेवटपर्यंत ठेवता का, असं स्पष्ट विचारा. जीभ अडखळते, पण विचारा.

पैसे

महिन्याचा आकडा ऐकून लगेच तुलना करू नका, कारण त्यात काय धरलंय हे प्रत्येकाचं निराळं असतं. डायपर, औषधं, डॉक्टरांची फी, फिजिओ, न्हावी, कपडे धुणं, दवाखान्यात सोबत बसणाऱ्या माणसाचे दिवसाचे पैसे, खाण्याची नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) लागल्यावर वाढणारा दर, हे सगळं एका कागदावर मांडून मग बेरीज करा. डायपरचाच खर्च अंगावर येतो. डिपॉझिट परत कधी आणि किती मिळतं, दरवर्षी वाढ किती, माणूस मध्येच दवाखान्यात असलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, नोटीस किती दिवसांची, हे करारात शब्दांत हवं. करार नाहीच म्हणणाऱ्या घराकडून निदान सहीचं पत्र घ्या.

विम्याकडून आशा ठेवू नका. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घराच्या मासिक खर्चाला त्याचा उपयोग नाही. कार्ड मात्र काढून ठेवा. आयकराच्या जुन्या पद्धतीत स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चावर वजावट मिळू शकते. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र लागतं. तुमच्या सीएला विचारा.

सही करता येते आहे तोवर

हा भाग खरं तर सगळ्यात आधी करायचा. मुखत्यारपत्र करून घेतलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते चालत नाही. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातच बँकेची खाती दोघांपैकी कुणीही चालवू शकेल अशी जोडखाती करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. नळी, व्हेंटिलेटर हवा-नको याबद्दल त्यांची इच्छा असेल तर वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. वेळ निघून गेली असेल तर वकील गाठा. मुंबई उच्च न्यायालयाने अशा आईवडिलांसाठी मुलांना कायदेशीर पालक नेमल्याची उदाहरणं आहेत, पण त्यात महिने जातात.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नका. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट होतात, यंत्र घेत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही डिजिटल दाखला काढता येतो. आईचा आम्ही तिच्या खोलीतच काढतो. डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली की ती हसते, त्यामुळे तीन-चारदा करावं लागतं.

'बाई'

नव्या घरात पहिला आठवडा आई हाकेला ओ देत नव्हती. सगळे तिला 'आजी, आजी' म्हणत होते. मावशीने मला विचारलं, "ऐकू कमी येतं का?" ऐकू उत्तम येत होतं. पस्तीस वर्षं गावाने तिला 'बाई' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीने दारातून "बाई, येऊ का आत?" असं विचारलं आणि आईने मान वर करून "ये, बस" म्हटलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, जाताना दोन पानं लिहून न्या. हाक कशी मारायची, गाव कोणतं, काम काय केलं, कोण गेलेलं आहे जे त्यांना अजून आहेसं वाटतं, कशाची भीती, चहात साखर किती, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, देवाचं करतात की नाही, उजव्या कुशीवर झोपतात की डाव्या. दुखलं तर हे माणूस बोलून सांगतं की नुसतं कपाळाला आठ्या घालतं, हेही लिहा, कारण पुढे शब्द जातात आणि दुखणं राहतं. 'कशाने शांत होते' या ओळीला सगळ्यात जास्त जागा द्या. आई पाढ्यांनी शांत होते. तिला माझं नाव आठवत नाही, पण एकोणिसाचा पाढा तुम्ही चुकवलात तर ती लगेच दुरुस्त करते. ती दोन पानं तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहेत. नवी मावशी आली की आधी ती वाचते.

सामानात नवं कमी, जुनं जास्त न्या. तीच गोधडी, तोच स्टीलचा पेला, तरुणपणचे फोटो (आताचे नकोत, त्यातली माणसं त्यांना अनोळखी वाटतात). कपड्यांवर, चष्म्यावर, कवळीच्या डबीवर, कानातल्या यंत्राच्या डबीवर नाव घाला, नाहीतर महिन्याभरात ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात किंवा कानात सापडतं. सोनं घरीच ठेवा. पण आमच्याकडून एक चूक झाली होती ती करू नका. आईच्या पाटल्या काढून घेतल्या आणि ती दिवसभर मोकळी मनगटं चोळत "कुठे पडल्या, कुठे पडल्या" करत राहिली. बेन्टेक्सच्या दोन घातल्या आणि ते थांबलं. साडीचंही तसंच. जन्मभर साडी नेसलेल्या बाईला गाऊन चढवला की ती स्वतःला आजारी समजते. शिवलेली साडी मिळते, मावशींनाही नेसवायला सोपी जाते.

न्यायचा दिवस आणि पहिला महिना

आठवडाभर आधीपासून समजावत बसू नका. ते विसरलं जातं, मागे उरते ती धास्ती. सकाळी, पोट भरलेलं असताना न्या. खोली आदल्या दिवशी लावून ठेवा म्हणजे आत पाऊल टाकताच गोधडी दिसेल. "काही दिवस इथे राहायचं, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरे.

"पंधरा दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील" असं काही घरं सांगतात. मला हे पटत नाही. मी पहिल्या आठवड्यात रोज गेले, पण थोडाच वेळ. पहिल्या महिन्यात वजन उतरू शकतं, झोप बिघडते, चालणं मंदावतं. दर पंधरवड्याला वजन करून घ्या आणि तो आकडा तुमच्या वहीत लिहा. दंडावर, मनगटावर काळे-निळे डाग, माकडहाडापाशी लालसर झालेली कातडी, एकाएकी गप्प होणं, मावशी जवळ आली की अंग चोरणं, यातलं काही दिसलं तर फोटो काढा, तारीख घाला आणि त्याच दिवशी विचारा. पडल्यावर तुम्हाला फोन येतो की तुम्ही गेल्यावर कळतं, यावर माझा विश्वास ठरतो. उत्तरं गोलमाल यायला लागली तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनला फोन करा आणि दुसरं घर बघायला लागा.

मुलं परदेशात असतील तर तासाभरात पोचू शकेल असं एक माणूस इथे हवंच. नातेवाईक, मित्र, कुणीही चालेल. दवाखान्यात सही कोण करणार, हे त्याचं नाव घालून घराला लेखी द्या. व्हिडिओ कॉल दुपारी ठेवा, संध्याकाळी नको. पडद्यातल्या माणसाचा कधीकधी त्यांना धसकाही बसतो, मग मावशीने हातात हात घेऊन नुसता आवाज ऐकवलेला बरा.

भेटायला जाल तेव्हा "मला ओळखलंस का?" असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगून मोकळं व्हावं. हातात काहीतरी न्या, निवडायला मेथीची जुडी, घडी घालायला रुमाल, डोक्याला लावायला तेल. बोलणं सुचलं नाही तरी तेल लावताना अर्धा तास जातो. मी शक्यतो पावणेसातला उठते, कारण सातला ताटं मांडतात आणि आईचं लक्ष तिकडे जातं. जाते असं म्हणत नाही. चपला हातात घेऊन मागच्या दाराशी जाते आणि तिथून म्हणते, "बाई, येते हं." ती ताटातून मान न काढता म्हणते, "ये."